'कॉलेज बेसबॉलला चार-चार कोच कशाला?' विचारणाऱ्यांना उत्तर

डगआउटबाहेरचा (ऑस्टिन)

काल इथे कुणीतरी लिहिलं: 'कॉलेजच्या बेसबॉल संघाला चार-चार पगारी कोच. निम्मे कठड्याला रेलून सूर्यफुलाच्या बिया चघळतात आणि त्यांचा पगार आपल्या पोरांच्या फीतून जातो.' लोकांनी त्यावर धडाधड अंगठेही दिले. मी गप्प बसणार होतो, पण 'निम्मे' वाचून डोकं फिरलं.

आधी हे चौघे पगारी झाले कधी ते बघा. १ जुलै २०२३ पर्यंत डिव्हिजन वनमध्ये, म्हणजे कॉलेज खेळांच्या सगळ्यात वरच्या गटात, हेड कोच आणि दोन असिस्टंट यांनाच पगार देता यायचा. चौथा 'व्हॉलंटियर'. काम पूर्णवेळ, पगार नाही, विमा नाही. शाळकरी पोरांचे कॅम्प घ्यायचे आणि त्यातून घरभाडं भागवायचं. खेळाडू निवडायला बाहेरगावी जायची परवानगीही त्याला नव्हती. २०१९ मध्ये त्याला पगारी करायचा प्रस्ताव कॉलेजचे खेळ चालवणाऱ्या एनसीएएत मताला आला, तो पाडला. नोव्हेंबर २०२२ मध्ये दोन माजी व्हॉलंटियर कोर्टात गेले, जानेवारी २०२३ मध्ये नियम रद्द करायचं ठरलं, आणि त्या खटल्यात एनसीएएला सुमारे ४.९ कोटी डॉलरची तडजोड करावी लागली. फुकट राबवून घेतलं नसतं तर एवढे पैसे कुणी काढून दिले असते का?

आता काम. हंगामात ५६ सामने. शुक्र-शनि-रवि एकाच संघाशी, मंगळवारी मध्येच आणखी एक. त्यात वर्ग, परीक्षा, बसचा प्रवास. कुठला पिचर (चेंडू टाकणारा) कधी, किती आणि परत कधी, ही सगळी आकडेमोड पिचिंग कोचची. बहुतेक ठिकाणी प्रत्येक चेंडू कुठला टाकायचा तेही तोच डगआउटमधून (मैदानाकडेच्या संघाच्या बाकावरून) सांगतो. पूर्वी मनगटावरच्या पट्टीत आकडे बघायचे, आता इलेक्ट्रॉनिक यंत्रावर जातं. दुसरा बॅटिंग बघतो. तिसरा रिक्रूटिंगचा, म्हणजे नवे खेळाडू मिळवायचा, त्याचा फोन जेवतानाही कानाला असतो. चौथ्याने पहिल्या बेसजवळ उभं राहायचं, आउटफिल्डला कॅच द्यायचे, पिंजऱ्यात तासन्‌तास चेंडू फेकायचे आणि सगळं आवरल्यावर मैदानावर ताडपत्री ओढायची. बिया चघळत असेल तर चघळू द्या की.

मुलुंडचा_बंड्या

आचरेकर सरांकडे कुठला पिचिंग कोच होता? शिवाजी पार्कवर एक माणूस, स्टंपवर एक रुपयाचं नाणं, आणि घडला कोण ते जगाला माहीत आहे. तुमच्याकडे ताडपत्री ओढायलाही कोच लागतो.

तर्रीवाला_नागपूर

बंड्याभाऊ, सरांना हंगामात ५६ सामने, विमानाची तिकिटं आणि पोरांचे मार्क सांभाळायचे नव्हते. तुलना करायची तर विद्यापीठाच्या संघाची करा. आमच्या वेळी संघासोबत यायचे ते 'मॅनेजर' म्हणजे ज्यांची रजा शिल्लक होती ते प्राध्यापक. त्यांना लेगबाय आणि बाय यातला फरक आम्ही ट्रेनमध्ये समजावला. त्यापेक्षा बिया चघळणारा बरा.

मुलुंडचा_बंड्या

विषय बदलू नका. बेसबॉलमध्येही एकट्याने करून दाखवलेलं आहे. यूएससी विद्यापीठाचे कोच रॉड डेडो, ११ राष्ट्रीय विजेतेपदं, मानधन वर्षाला एक डॉलर. गूगल मलाही येतं.

डगआउटबाहेरचा

येतं ना, मग पुढची ओळही वाचायची. डेडोंचा स्वतःचा ट्रक वाहतुकीचा धंदा होता. ज्याच्या घरी ट्रक उभे आहेत त्याला एक डॉलर परवडतो. बाकीच्यांनी काय खायचं? 'खेळाची सेवा फुकट करावी' हे नेहमी ज्याचं पोट भरलेलं असतं तोच सांगतो.

फी_भरून_दमलो

कालची पोस्ट माझी. व्हॉलंटियरचं माहीत नव्हतं, ते गेलं खड्ड्यात. माझा मुद्दा फीचा आहे आणि त्याला तुम्ही शिताफीने बगल दिलीत. टेक्सास, एलएसयू अशा मोठ्या विद्यापीठांचं तिकिटांवर आणि टीव्हीवर भागतं. माझी मुलगी शिकते ते लहान सरकारी विद्यापीठ आहे. तिथे बिलावर अॅथलेटिक्स फीची वेगळी ओळ असते आणि ती भरल्याशिवाय वर्गात नाव लागत नाही. तिने बेसबॉलचा एकही सामना पाहिलेला नाही. तिकडे टेनेसी विद्यापीठ हेड कोचला वर्षाला सुमारे ३० लाख डॉलर देत होतं, तरी तो ऑक्टोबर २०२५ मध्ये सॅन फ्रान्सिस्को जायंट्स या व्यावसायिक संघाचा मॅनेजर (तिकडे मुख्य कोचला तेच म्हणतात) व्हायला निघून गेला. असे पगार बघून लहान विद्यापीठांनाही चेव येतो, आणि तो भागवायचा कुणी? आम्ही.

डगआउटबाहेरचा

फीबद्दल बोला, मी सही करतो. पण मग सगळ्यात वरच्या पगारावर बोला. तुमची पोस्ट सगळ्यात खालच्यावर होती.

अनुराधा_शार्लट

कोच चार असोत की चौदा. माझ्या मुलाच्या संघात होते तेवढ्यांपैकी एकालाही 'आता पुरे' म्हणता आलं नाही. तो पिचर. शुक्रवारी सामन्याच्या नऊपैकी सहा इनिंग टाकून रविवारी त्याला परत बुलपेनमध्ये (राखीव पिचर हात गरम करतात तिथे) उभा केला. सोमवारी त्याला डाव्या हाताने दात घासताना पाहिलं. पुढे टॉमी जॉन, म्हणजे कोपराची शस्त्रक्रिया, वर्ष गेलं, स्कॉलरशिपचा तुकडाही गेला. तुकडाच, कारण तेव्हा अख्ख्या संघाला मिळून ११.७ स्कॉलरशिप होत्या.

लिटल लीगमध्ये अकरा-बारा वर्षांच्या पोराला दिवसाला ८५ चेंडूंची मर्यादा. हायस्कूलला २०१७ पासून जवळपास प्रत्येक राज्यात काही ना काही मर्यादा आहे. कॉलेजला? काहीच नाही. सगळं त्या 'आकडेमोड करणाऱ्या' पिचिंग कोचच्या मर्जीवर.

तर्रीवाला_नागपूर

ताई, वाचून वाईट वाटलं. २००९ मध्ये टेक्सासच्या ऑस्टिन वूडने बोस्टन कॉलेजविरुद्धच्या २५ इनिंगच्या सामन्यात १६९ चेंडू टाकले होते, तेही आदल्या दिवशी दोन इनिंग टाकून. लोक अजून ते शौर्य म्हणून सांगतात.

डगआउटबाहेरचा

शौर्यच होतं ते. बारा इनिंगहून जास्त वेळ एकही हिट (फटका मारून बेस गाठणं) दिली नाही त्याने.

अनुराधा_शार्लट

बघा! हेच. १६९ ऐकून तुमचा ऊर भरून आला. मला त्याच्या आईचं तोंड दिसलं.

डॉ_कुलकर्णी_ओहायो

भावना बाजूला ठेवून बोलूया. मेजर लीगमध्ये, म्हणजे वरच्या व्यावसायिक बेसबॉलमध्ये, शंभरच्या आसपास चेंडू झाले की पिचरला काढतात, तरी तिथली कोपरं फाटायची थांबलेली नाहीत. डिसेंबर २०२४ मध्ये मेजर लीगनेच अहवाल काढला, त्यात जास्तीत जास्त वेगाच्या मागे लागण्यावर बोट ठेवलंय. फक्त चेंडू मोजून काही होत नाही.

अनुराधा_शार्लट

डॉक्टर, वेग वाढव म्हणून पोरांच्या मागे कोण लागतं? ताशी ९५ मैल दिसले नाहीत तर फोन कोण करत नाही? हाच स्टाफ.

मुलुंडचा_बंड्या

पिचर कुमार रॉकरचं काय? आई भारतीय वंशाची. व्हँडरबिल्ट विद्यापीठात पहिल्याच वर्षी, २०१९ मध्ये, ड्यूकविरुद्ध नो-हिटर (समोरच्यांना एकही हिट नाही), १९ स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद), १३१ चेंडू. पुढे २०२१ मध्ये मेजर लीगच्या मेट्स संघाने निवडून तब्येतीपायी करार केला नाही, खांद्याची शस्त्रक्रिया, २०२३ मध्ये टॉमी जॉन. आपल्या पोराचा हात वापरून घेतला.

डॉ_कुलकर्णी_ओहायो

१३१ चेंडूंनी चार वर्षांनी कोपर गेलं हे तुम्ही एक्सरे न बघता ठरवलंत. धन्य. आणि नो-हिटर चालू असताना कोचने त्याला काढलं असतं तर 'आपल्या पोरावर अन्याय' म्हणून पहिला धागा तुम्हीच काढला असता.

मुलुंडचा_बंड्या

काढला असता. मग?

मरून_मावशी (कॉलेज स्टेशन)

सगळे पिचरच्या हातावर बोलताय, कोचच्या पायांवर कुणी बोलत नाही. २४ जून २०२४ ला ओमाहात आमचं टेक्सास ए अँड एम विद्यापीठ राष्ट्रीय विजेतेपदाचा अंतिम सामना हरलं. त्या रात्री पत्रकाराने टेक्सासच्या नोकरीसंबंधी विचारलं तर आमचे हेड कोच श्लॉसनेगल त्याच्यावरच चिडले, ही माझी शेवटची नोकरी अशा थाटात बोलले. दुसऱ्या दिवशी ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठाचे कोच! पिचिंग कोचही मागोमाग गेला. असिस्टंट अर्ली तिकडे जाऊन काही दिवसांत आमचा हेड कोच व्हायला परत आला, त्याला माफ केलंय. पण कोचचा शब्द बघून सही केलेल्या अठरा वर्षांच्या पोरांनी काय करायचं? आणि या विषयावर ऑस्टिनहून प्रवचन!

डगआउटबाहेरचा

मावशी, मी ऑस्टिनला राहतो, कोच मी पळवला नाही. पोरांना आता ट्रान्सफर पोर्टल (कॉलेज बदलायची नोंदणी) आहे, तीही जाऊ शकतात.

मरून_मावशी

जातात की. पण २०२५ पासून रोस्टर (संघातल्या खेळाडूंची मर्यादा) ३४ वर आणलं, आधी ४० होतं. माझ्या भाच्याला शब्द देऊन मग 'जागा नाही' कळवलं, तेही त्याच असिस्टंटने, ज्याने घरी येऊन पुरणपोळी खाल्ली होती. कोच जातो तेव्हा त्याला नवा करार मिळतो, पोरगा जातो तेव्हा त्याचे निम्मे क्रेडिट नवीन कॉलेज धरत नाही.

फी_भरून_दमलो

पुरणपोळीचा खर्च फीत नव्हता, एवढं समाधान माना.

मरून_मावशी

तुमची विनोदबुद्धी फीत बसत असेल तर परत मागा.

डगआउटबाहेरचा

अनुराधाताई, उत्तर राहिलं होतं. तुमच्या मुलाच्या बाबतीत चूक झाली, त्याचं समर्थन मी करत नाही. पण असिस्टंट 'नको' म्हणाला तरी शेवटचा शब्द हेड कोचचा. रविवारचा सामना हरला की पहिली कुऱ्हाड असिस्टंटवर पडते. बोलणार कोण?

अनुराधा_शार्लट

म्हणजे पिचर कधी आणि किती हे तो ठरवतो असं सकाळी लिहिलंत, आणि आता म्हणता त्याच्या हातात काहीच नाही. यातलं एक काहीतरी ठरवा. मी संध्याकाळी परत बघते, मुलाला फिजिओकडे न्यायचंय.