रानपिंगळा 'दिनचर' की 'दिवाचर'?

माळढोक_नव्हे: एका निसर्गमंडळासाठी रानपिंगळ्याचा फलक मराठीत करतेय. पक्षी घुबडाच्या जातीतला पण शिकार करतो भर दिवसा, म्हणून 'डायर्नल'ला शब्द हवाय. मी 'दिनचर' लिहिलं तर मंडळातले एक काका म्हणाले असा शब्दच नाही, 'दिवाचर' लिही. निशाचर शेंबड्या पोरालाही कळतं, मग उलटा शब्द एवढा अवघड का?

तिरपागडा: काकांचा शब्द संस्कृतात आहे. पण लोक वाचणार 'दिवे चरणारा' :)

सदाशिव३०: त्यात चूक काय? दिवाकर म्हणजे तरी दिवा करणारा, उजेड लावणारा!

तिरपागडा: नाही हो. ते 'दिवा' अव्यय आहे, अर्थ 'दिवसा'. दिवाकर, दिवास्वप्न, दिवाभीत, सगळीकडे तेच. आपला तेलवातीचा दिवा 'दीप'वरून आला, 'नापित'चा न्हावी झाला तसा.

झोपाळू: अरेच्चा, मी रात्रभर जागून दहाला उठायचो तेव्हा आजी दिवाभीत म्हणायची, मी इतकी वर्षं 'दिव्याला भिणारा' समजत होतो आणि मनात म्हणायचो मी तर दिवा लावूनच वाचतो की!

माळढोक_नव्हे: दिवाभीत म्हणजे घुबडच, आणि हा पठ्ठ्या दिवसाला भीतच नाही. १८८४ नंतर पक्का पुरावा नव्हता, थेट १९९७ला शहाद्याजवळ सापडला, तोसुद्धा सकाळी उन्हात बसलेला.

सदाशिव३०: साधा पिंगळापण दिसतो की दिवसा.

माळढोक_नव्हे: दिसतो, पण शिकारीला बहुतेक दिवेलागणीलाच निघतो.

गावरान: कशाला संस्कृत उकरताय, 'दिवसाढवळ्या शिकार करतो' लिहा.

तिरपागडा: दिवसाढवळ्या दरोडे पडतात साहेब. फलक वाचून लोक पोलिसांना फोन करतील.

गावरान: त्यात ढवळा म्हणजे पांढरा एवढंच, आमचा ढवळ्या बैल काय दरोडेखोर होता? आणि दिनचर वाचलं की मला शाळेतली दिनचर्या आठवते, पहाटे उठणे, दात घासणे.

झोपाळू: कमळाला सूर्यविकासी म्हणतात तसं काही?

माळढोक_नव्हे: घुबड उमलतं का!! उद्या रंगवायला द्यायचाय, काय लिहू सांगा.

गावरान: पिंगळ्यावरून आठवलं, आमच्याकडे तांबडं फुटायच्या आत पिंगळा यायचा, हातात कंदील, आई उठून सुपातनं ज्वारी घालायची. तो कोण मग, निशाचर का दिनचर?

सदाशिव३०: गाव कुठलं तुमचं? आमच्या आजोळीपण यायचा.