६० अंश सेल्सिअसला शुद्ध पाण्याचा सामू ६.५१ येतो, तर ते पाणी आम्लधर्मी मानायचे का?

प्रश्न

मी पदवीच्या पहिल्या वर्षाला रसायनशास्त्र शिकत आहे. समतोलाच्या प्रकरणातील एका गणितात ६० अंश सेल्सिअसला शुद्ध पाण्याचा सामू (पीएच) काढायचा होता. त्या तापमानाला पाण्याच्या आयनिक गुणाकाराचा (हायड्रोनिअम आणि हायड्रॉक्साइड आयनांच्या संहतींच्या गुणाकाराचा) ऋण लॉगॅरिदम १३.०२ दिलेला होता, म्हणून सामू त्याच्या निम्मा, म्हणजे ६.५१ आला. सामू ७ असेल तर द्रावण उदासीन आणि त्याहून कमी असेल तर आम्लधर्मी, असेच आम्ही शाळेपासून शिकत आलो आहोत. मग पाण्यात बाहेरून काहीही न घालता, केवळ तापवल्याने ते आम्लधर्मी होते का?

दुसरी अडचण मला अधिक छळते आहे. पाण्याच्या आयनीभवनासाठी २५ अंशांना एन्थाल्पीतील बदल (म्हणजे शोषली जाणारी उष्णता) +५५.८ किलोज्यूल प्रति मोल आणि एन्ट्रॉपीतील (अव्यवस्थेच्या मापातील) बदल −८०.७ ज्यूल प्रति केल्व्हिन प्रति मोल आहे. एन्ट्रॉपीतील बदल ऋण असल्यामुळे तापमान वाढले की प्रमाण मुक्त ऊर्जेतील बदल (एन्थाल्पीतील बदलातून तापमान आणि एन्ट्रॉपीतील बदल यांचा गुणाकार वजा करून येणारा) वाढतो. मी गणित करून पाहिले, तेव्हा २५ अंशांना तो ७९.९ आणि ६० अंशांना ८२.७ किलोज्यूल आला. मुक्त ऊर्जेतील बदल अधिक धन झाला, म्हणजे आयनीभवन आणखी अवघड झाले पाहिजे. प्रत्यक्षात मात्र समतोल स्थिरांक वाढतो, म्हणजे आयनीभवन वाढते. माझी चूक कुठे होते आहे, हे कृपया कोणी सांगेल का?

प्रतिसाद १

पहिल्या भागाचे उत्तर सरळ आहे. उदासीनतेची व्याख्या सामूच्या एखाद्या आकड्यावर आधारलेली नाही. ज्या जलीय द्रावणात हायड्रोनिअम आणि हायड्रॉक्साइड या दोन आयनांची संहती समान असते, ते द्रावण उदासीन. पाण्याचा एक रेणू दुसऱ्याला प्रोटॉन देतो तेव्हा दोन्ही आयन जोडीनेच तयार होतात, त्यामुळे शुद्ध पाणी कोणत्याही तापमानाला उदासीनच असते. आपल्या गणितातील ६० अंशांच्या पाण्यात दोन्ही आयनांची संहती प्रत्येकी सुमारे ०.३१ मायक्रोमोल प्रति लिटर आहे, तर २५ अंशांना ती ०.१० होती. हायड्रोनिअम वाढला म्हणून सामू उतरला. परंतु हायड्रॉक्साइडही तेवढाच वाढला असल्याने पाणी कोणत्याही बाजूला झुकले नाही.

सात हा आकडा २५ अंशांचा आहे. ० अंशांना उदासीन पाण्याचा सामू ७.४७ असतो, ५० अंशांना ६.६३ आणि १०० अंशांना सुमारे ६.१. मानवी शरीराच्या तापमानाला, म्हणजे ३७ अंशांना, उदासीन बिंदू ६.८ च्या जवळ येतो, त्यामुळे ७.४ सामू असलेले रक्त हे सातशी तुलना करून वाटते त्यापेक्षा थोडे अधिक आम्लारिधर्मी आहे. सातचा नियम शाळेत तापमानाच्या अटीशिवाय शिकवला जातो, ही मला खरोखर खटकणारी गोष्ट आहे, कारण ती अट सांगायला एक वाक्य पुरते.

प्रतिसाद २

आपल्या दुसऱ्या प्रश्नात आकडेमोड बरोबर आहे, निष्कर्षाची शेवटची पायरी तेवढी चुकली आहे. समतोल स्थिरांक प्रमाण मुक्त ऊर्जेतील बदलावर थेट अवलंबून नसतो. त्या बदलाला वायू स्थिरांक आणि केल्व्हिनमधील तापमान यांच्या गुणाकाराने भागल्यावर जे येते, त्यावर तो अवलंबून असतो. ७९.९ किलोज्यूलला २९८.१५ ने भागल्यास २६८ ज्यूल प्रति केल्व्हिन मिळतात आणि ८२.७ किलोज्यूलला ३३३.१५ ने भागल्यास २४८. अंश वाढला खरा, पण छेद त्याहून वेगाने वाढला, म्हणून भागाकार घटला आणि स्थिरांक वाढला.

हे सूत्रापुरते समजून थांबू नये, असे मला वाटते, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. मुक्त ऊर्जेतील बदल म्हणजे प्रणाली आणि परिसर या दोघांच्या एन्ट्रॉपीचा एकत्रित हिशेब होय, फक्त तो तापमानाने गुणून आणि चिन्ह उलटे करून लिहिलेला असतो. तो गुणाकार काढून टाकला की चित्र स्वच्छ दिसते. एक मोल पाण्याचे आयनीभवन होताना प्रणालीची एन्ट्रॉपी ८०.७ ज्यूल प्रति केल्व्हिनने घटते, आणि स्थूलमानाने ही घट २५ आणि ६० अंशांना सारखीच धरू. त्याशिवाय अभिक्रिया ऊष्माग्राही असल्याने परिसरातून ५५.८ किलोज्यूल उष्णता काढून घेतली जाते, आणि परिसराची एन्ट्रॉपी या उष्णतेला तापमानाने भागून जेवढी येते तेवढी घटते: २५ अंशांना १८७ ज्यूल प्रति केल्व्हिन, ६० अंशांना १६७.५. तीच उष्णता थंड परिसरातून काढून घेतली तर परिसराचे एन्ट्रॉपीचे नुकसान मोठे होते, गरम परिसरातून घेतली तर लहान. तापमान वाढल्यावर आयनीभवन सोपे होते ते याच कारणाने, आणि यात प्रणालीच्या स्वतःच्या एन्ट्रॉपीच्या चिन्हाचा काहीही संबंध येत नाही. ते चिन्ह स्थिरांक मुळात किती लहान आहे हे ठरवते. तापमानासोबत तो कोणत्या दिशेने सरकेल हे एन्थाल्पीचे चिन्ह ठरवते. तापमानासोबत स्थिरांक कसा बदलतो हे सांगणाऱ्या व्हॅन्ट हॉफ यांच्या समीकरणात एन्ट्रॉपीचे पद दिसतच नाही, याचे कारणही हेच.

ल शातेलिए यांच्या तत्त्वानेही दिशा बरोबर सांगता येते: ऊष्माग्राही अभिक्रिया तापवली की समतोल उजवीकडे सरकतो. पण ते तत्त्व किती सरकेल हे सांगत नाही, आणि का सरकेल हेही फारसे सांगत नाही. वरील आकड्यांत एकूण फरक १९.७ ज्यूल प्रति केल्व्हिनचा आहे, त्याला ८.३१४ ने भागून त्याचा घातांक काढल्यास स्थिरांक १०.६ पट होतो असे दिसते. आपल्याला दिलेल्या १३.०२ वरून मात्र ही वाढ सुमारे साडेनऊ पट येते. हा फरक आकडेमोडीच्या चुकीमुळे पडत नाही. एन्थाल्पीतील बदल स्थिर धरला, हे आपले गृहीतकच अंदाजी आहे. आयनीभवनात उष्माधारकतेतील बदल ऋण असतो, म्हणून तापमान वाढत जाते तशी ५५.८ ची किंमत घटत जाते. दाबाखाली द्रवरूपात ठेवलेले पाणी २५० अंशांच्या आसपास नेले की आयनिक गुणाकाराचा ऋण लॉगॅरिदम सुमारे ११.२ पर्यंत उतरतो, आणि त्यापलीकडे तो पुन्हा वाढू लागतो.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

आपणा दोघांचे मनापासून आभार. परिसराच्या एन्ट्रॉपीचा हिशेब स्वतंत्रपणे मांडून पाहिल्यावर गुंता सुटला. आता एकच गोष्ट राहिली. एका रेणूचे दोन आयन होतात, तर अव्यवस्था वाढायला हवी; मग प्रणालीची एन्ट्रॉपी मुळात घटते का?

प्रतिसाद २ लिहिणाऱ्यांचे उत्तर

कारण पाणी येथे केवळ प्रेक्षक नसते. विद्युतभारित आयन आपल्या भोवतालच्या पाण्याच्या रेणूंना स्वतःकडे ओढून ठरावीक दिशेने उभे करतात, आणि त्या रेणूंचे फिरण्याचे स्वातंत्र्य पुष्कळ कमी होते. दोन आयन तयार झाल्याने जे काही मिळते, त्यापेक्षा या बांधले गेलेल्या रेणूंमुळे गमावलेले अधिक असते. याचा स्वतंत्र पुरावा आकारमानात सापडतो. एक मोल पाण्याचे आयनीभवन झाले की २५ अंशांना एकूण आकारमान सुमारे २२ घन सेंटीमीटरने घटते, आणि एक मोल पाण्याचे स्वतःचे आकारमान १८ घन सेंटीमीटरच आहे. आयनांभोवतीचे पाणी किती घट्ट आवळले जाते, हे यावरून लक्षात येईल. त्यामुळेच दाब वाढवला तरी पाण्याचे आयनीभवन वाढते.

प्रतिसाद ३

प्रयोगशाळेच्या बाजूने एक भर घालतो, कारण हा गोंधळ मापन करतानाही वारंवार दिसतो. सामूमापकावर तापमान भरपाईची सोय असते, आणि ती चालू असली की वाचन आपोआप २५ अंशांचे होते अशी अनेकांची समजूत असते. ती सोय फक्त इलेक्ट्रोडच्या प्रतिसादाची दुरुस्ती करते: सामूच्या एका एककामागे २५ अंशांना ५९.२ मिलिव्होल्ट आणि ६० अंशांना ६६.१ मिलिव्होल्ट विभवांतर पडते. द्रावणाचा सामू तापमानामुळे खरोखरच बदलला असेल, तर तो बदल वाचनात दिसणारच आणि दिसलाही पाहिजे. म्हणून सामूची नोंद करताना तापमान लिहिण्याची सवय लावून घ्यावी.

शुद्ध पाण्यावर हा प्रयोग करून पाहण्याची इच्छा होईल, पण उघड्या चंचुपात्रात तो साधत नाही. हवेतील कार्बन डायऑक्साइड विरघळून सामू ५.६ च्या आसपास उतरतो, आणि शुद्ध पाण्याची वाहकता इतकी कमी असते की वाचन स्थिर होत नाही. त्यापेक्षा ट्रिस या सेंद्रिय आम्लारीचे बफर द्रावण (सामू सहजी बदलू न देणारे द्रावण) घ्यावे. त्याच्या संयुग्मी आम्लाच्या (प्रोटॉन जोडलेल्या रूपाच्या) विचरणाची, म्हणजे प्रोटॉन सोडण्याची, एन्थाल्पी सुमारे ४७ किलोज्यूल प्रति मोल असल्याने सामू दर अंशामागे ०.०२८ ने उतरतो. २५ अंशांना ८.० असा जुळवलेला सामू ४ अंशांना ८.६ च्या जवळ दिसतो. शेजारी फॉस्फेटचे प्रमाण बफर ठेवावे. तेथे ही एन्थाल्पी फारच लहान असल्याने २५ अंशांचा ६.८६ हा सामू ६० अंशांनाही ६.८४ इतकाच असतो.