मदत हवी आहे: वडिलांचा दहा टायर ट्रक विकायचाय, परराज्यातल्या गिऱ्हाइकाला द्यावा का?

नमस्कार मंडळी,

अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, त्यांची टाटा २५१८ विकायला काढली आहे. दहा टायर, २०१४ चं मॉडेल, बीएस-३ (धुराच्या जुन्या निकषांचं), कमिन्स इंजिन, आरसीवर २५ टन (गाडी आणि माल मिळून), एमएच-१० म्हणजे सांगलीचं पासिंग (नोंदणी). शोरूमपासून एकच मालक आणि तोच ड्रायव्हर. तासगावचा बेदाणा नाहीतर सांगलीची हळद भरून दिल्ली लाइन करायचे, येताना मिळेल ते भाडं. आता त्यांचे गुडघे क्लच दाबू देत नाहीत. त्यात १ नोव्हेंबर २०२५ पासून बाहेरच्या पासिंगच्या बीएस-३ मालगाड्यांना दिल्लीत बंदी आली. बीएस-४ वाल्यांना ३१ ऑक्टोबर २०२६ पर्यंत तरी मुदत आहे, आम्हाला तीही नाही. ज्या लाइनवर घर चाललं तीच गेली. ड्रायव्हर ठेवून दक्षिणेकडे गाडी घालायची अण्णांची तयारी नाही.

गाडी कशी आहे ते सगळं सांगते. इंजिनाचं काम करून घेतलंय, थंडीतही पहिल्या सेल्फला चालू होते, बॅक कॉम्प्रेशन (इंजिनातून उलटा येणारा धूर) नाही. पुढचे दोन टायर नवे, मागचे आठही रिमोल्ड (जुन्यावर नवं रबर चढवलेले). हौद्याच्या फळ्या एका बाजूला कुजल्यात. आणि क्राऊनचा, म्हणजे मागच्या ॲक्सलमधल्या मोठ्या गिअरचा, आवाज आहे. टॉप गिअरमध्ये ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की मागून घुंई ऐकू येतं. बघायला येणाऱ्या प्रत्येकाला अण्णा आधी एक फेरी मारून तो आवाज ऐकवतात, मग बाकीचं बोलतात. दलाल म्हणाला, हाउसिंगमध्ये (क्राऊनच्या पेटीत) जाड ऑइल घाला, आवाज दबेल. तसलं काही आम्ही करणार नाही. उद्या घाटात भरल्या गाडीचा क्राऊन गेला तर कुणाचा तरी जीव जाईल.

विमा आणि नॅशनल परमिट चालू आहे. पासिंग (आरटीओचं फिटनेस) लवकरच संपतंय. कर्ज कधीच फिटलं, फायनान्सची एनओसी (ना-हरकत पत्र) घरात आहे, पण आरसीवर बोजा (कर्जाची नोंद) अजून तसाच दिसतो.

गिऱ्हाइकं दोन आहेत. एक राजस्थानचा, दलालामार्फत आलेला. साडेआठ लाख म्हणतो, सगळे रोख. पण अट अशी, की मालकी बदलाच्या २९-३० नंबरच्या फॉर्मवर सह्या करून गाडी लगेच सोडायची, टीटी (नावावर करणं) तो तिकडे गेल्यावर करून घेणार. दुसरा जत भागातला, नवीनच धंद्यात उतरतोय. पावणेआठ देतो, तेही फायनान्स मंजूर झाल्यावर. पाऊण लाखाचा फरक आमच्या घरात लहान नाही, त्यामुळे अण्णांचा ओढा राजस्थानवाल्याकडे आहे. कोऱ्या तारखेवर सही ठोकून गाडी सोडायची मला मात्र भीती वाटते. माझी भीती रास्त आहे का? क्राऊन बदलून मग विकली तर जास्त येतील का? ज्यांनी अलीकडे गाडी विकली आहे त्यांनी कृपया सांगा.

प्रतिसाद:

ताई, भीती अगदी रास्त आहे. आरसीवर ज्याचं नाव तोच मालक, असं सुप्रीम कोर्टाने २०१८ च्या नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार निकालात स्पष्ट सांगितलंय. त्या खटल्यात गाडी एकामागून एक हातांत गेली होती, तरी अपघाताची भरपाई नोंदणीकृत मालकावरच आली. विमा असेल तोवर ठीक. पुढच्याने तो भरलाच नाही तर नोटीस अण्णांच्या दारात येणार.

परराज्यात द्यायचीच असेल तर आधी बोजा उतरवा. फॉर्म ३५ दोन प्रतींत आणि सोबत फायनान्सची एनओसी. मग ई-चलनं भरा, टॅक्स क्लिअर करा, परमिट सरेंडर करा आणि फॉर्म २८ वर आरटीओची एनओसी घ्या. ती हातात आल्याशिवाय गाडी सांगलीतून हलू द्यायची नाही. याला जो थांबत नाही तो गिऱ्हाईक नव्हे. आणि साडेआठ लाख रोख घेऊच नका. एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर आयकर खातं घेणाऱ्यालाच तेवढ्या रकमेचा दंड लावू शकतं. आरटीजीएसच करायला सांगा.

मी तुमच्या जागी असतो तर जतवाल्यालाच दिली असती. फायनान्सवाला आरसीवर स्वतःचा बोजा चढवून घेतल्याशिवाय सोडत नाही, आणि त्यासाठी गाडी नव्या मालकाच्या नावावर व्हावीच लागते. म्हणजे तुमच्या टीटीची काळजी तोच वाहतो. त्याच्याकडून थोडा इसार घ्या, पावतीवर मुदत घाला. गाडी देताना तारीख आणि वेळ टाकून ताबा पावती करा, चेसिस आणि इंजिन नंबर लिहा, फास्टॅग त्याच दिवशी बंद करा.

क्राऊन बदलू नका, तो खर्च किमतीत निघत नाही. पासिंग मात्र करूनच विका. आठ वर्षांवरच्या गाडीला ते दरवर्षी लागतं, आणि पासिंग संपलेली गाडी दिसली की समोरचा हवं तसं पाडून मागतो. मल्टी-ॲक्सल असल्यामुळे नॅशनल परमिट १५ वर्षांपर्यंत, म्हणजे २०२९ पर्यंत मिळतं, हेही जतवाल्याला सांगा. दोन ॲक्सलच्या गाडीला ते १२ वर्षांपर्यंतच. या एका मुद्द्यावर तो आठपर्यंत यायला हरकत नाही.

धागाकर्ती:

दादा, मनापासून आभार. अण्णांना सगळं वाचून दाखवलं. निकालाचं ऐकल्यावर त्यांनी स्वतःच दलालाला फोन करून नाही म्हणून सांगितलं. जतवाला रविवारी मिस्त्री घेऊन येतोय.

आता एकच अडचण. आज फायनान्सची एनओसी नीट बघितली, तर इंजिन नंबरमधला एक आकडा आरसीशी जुळत नाही. चेसिस नंबर बरोबर आहे. फॉर्म ३५ सोबत ही एनओसी आरटीओत चालेल, की कंपनीकडून दुरुस्त करून आणावी लागेल? कर्ज दिलेली शाखा आता बंद झाली आहे. कुणाला असा अनुभव असेल तर रविवारच्या आत सांगा.