दोष शोधण्याची मजुरी वेगळी असावी का?

धागा : जोडतार

घरगुती वीजदुरुस्तीत ग्राहक आणि वायरमन यांचा खटका उडतो तो बहुधा मजुरीवरून. बदललेल्या वस्तूचे पैसे द्यायचे, पण ती नेमकी कोणती हे शोधण्यात गेलेल्या वेळेचे काहीच द्यायचे नाही, ही समजूत त्यामागे असते. माझ्या मते दोष शोधणे हेच मुख्य काम आहे, त्याची मजुरी आधी सांगून वेगळी घ्यावी, आणि ग्राहकानेही निदान न सांगता लक्षणे सांगावीत.

"आरसीसीबी खराब झाली आहे, नवीन बसवून द्या" ही तक्रार नेहमीचीच आहे. फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परतलेला करंट यांतील फरक आरसीसीबी पाहते, आणि तो वाढला, म्हणजे करंट कुठेतरी गळू लागला, की वीज तोडते, म्हणजेच पडते. 30 मिलिअँपिअरची असेल तर 15 च्या पुढे ती केव्हाही पडू शकते, म्हणजे ती पडते आहे याचा अर्थ बहुतेक वेळा ती शाबूत आहे. गिझर तापल्यावर पडत असेल तर संशय एलिमेंटवर जातो, पाऊस झाल्यावर पडत असेल तर बाहेरच्या दिव्यांवर. खरा घोळ वेगळाच असतो. एखाद्या सर्किटमध्ये न्यूट्रल कुठेतरी अर्थिंगला चिकटलेली असेल, तर त्या सर्किटचा एमसीबी (करंट जास्त झाला की सर्किट तोडणारा स्विच) खाली करूनही इतर खोल्यांतील लोड चालू होताच आरसीसीबी पडते, कारण साधा एकपदरी एमसीबी फक्त फेज तोडतो आणि न्यूट्रल जोडलेलीच राहते. अशा वेळी मेन बंद करून न्यूट्रल लिंकवरील (सगळ्या न्यूट्रल जिथे एकत्र जोडलेल्या असतात त्या पट्टीवरील) तारा एकेक सोडवून मेगरने, म्हणजे इन्सुलेशन मोजणाऱ्या उपकरणाने, तपासाव्या लागतात. शेवटी सापडते ती स्विचबोर्डाच्या स्क्रूखाली चिरडलेली एक तार, जिला टेप गुंडाळायला क्षणभर पुरतो. मजुरी त्या टेपची आहे का?

प्रतिसाद : वीजग्राहक

आपला मुद्दा तत्त्वतः मान्य केला तरी व्यवहारात तो ग्राहकाच्या गळ्याशी येतो. तपासणीत काय केले हे पडताळण्याचे कोणतेही साधन आमच्याकडे नसते, आणि वेळेची मजुरी म्हटली की काम लांबवण्याला मोकळे रान मिळते. शिवाय मेगर घेऊन येणारे वायरमन किती? बहुतेकांच्या खिशात फक्त टेस्टर असतो. न्यूट्रल तुटली आणि एखादे उपकरण चालू स्थितीत राहिले, तर सॉकेटच्या दोन्ही भोकांत टेस्टर पेटतो. तेवढ्यावरून "दोन्हीकडे फेज आला, वायरिंग बदला" असे सांगितले जाते. चुकीच्या निदानाचीही मजुरी ग्राहकानेच द्यायची असेल, तर जोखीम सगळी एकाच बाजूला पडते. निदान बरोबर ठरले तरच पैसे, ही जुनी रीत त्यापेक्षा बरी आहे.

प्रतिसाद : जुना पेचकस

मी स्वतः हेच काम करतो, तरीही धागाकर्त्यांचा दुसरा मुद्दा मला पटत नाही. ग्राहकाने निदान सांगू नये असे म्हणणे म्हणजे हाती आलेला धागा सोडून देणे होय. आरसीसीबीचे नाव घेणाऱ्याने ती आधी एकदा बदलून पाहिलेली असू शकते, आणि ही माहिती लाखमोलाची आहे. विचारायचे आपण असते: शेवटचे कोणते काम झाले, भिंतीत खिळा ठोकला का, पंखा नवा बसवला का. "दिवे मंद होतात" एवढ्यावर थांबणारा वायरमन अर्धे ऐकतो. काही दिवे मंद आणि त्याच वेळी काही नेहमीपेक्षा प्रखर, असे तीन फेजच्या घरात होत असेल तर मुख्य न्यूट्रल सैल झालेली असण्याची शक्यता मोठी असते. तिथे 230 व्होल्टची उपकरणे 400 च्या दिशेने जाऊ शकतात, त्यामुळे पोहोचण्याची वाट न पाहता फोनवरच मेन बंद करायला सांगावे लागते. हे ग्राहकाच्या अर्धवट वाक्यातूनच कळते. (आणि हो, आरसीसीबी खरोखर बिघडतेही, चाचणीचे बटण दाबून पडली नाही तर ती बदलावीच लागते.)

प्रतिसाद : जोडतार

ग्राहकाचे सगळेच ऐकावे, हे मान्य. माझा विरोध त्याच्या हुकमाप्रमाणे वस्तू बदलण्याला आहे. एमसीबी सारखा पडतो म्हणून मोठा बसवा, असे सांगणाऱ्याचे ऐकले, तर तार तापून जळते आणि एमसीबी तसाच उभा राहतो.

"बरोबर ठरले तरच पैसे" ही रीत मात्र मुळीच मान्य नाही, कारण तिच्यामुळेच वस्तू बदलत सुटण्याची सवय लागते: काहीतरी बदलले की बिल करता येते. सैल जोडाचे उदाहरण घ्या. लोड नसताना मीटर सॉकेटवर पूर्ण व्होल्टेज दाखवतो, इस्त्री लावली की आकडा घसरतो, आणि कधी जोड तापल्यानंतरच घसरतो. याला किती वेळ लागेल हे आधी कोण सांगणार? मोजणीचे आकडे सर्किटनिहाय कागदावर लिहून द्यावेत, एवढी अट मी आनंदाने स्वीकारतो.

प्रतिसाद : वीजग्राहक

कागद मिळणार असेल तर तपासणीची मजुरी द्यायला माझी हरकत नाही, मात्र तिला कमाल मर्यादा हवी, आणि तोच दोष पुन्हा आला तर दुसऱ्या फेरीची तपासणी विनामूल्य हवी.

प्रतिसाद : जुना पेचकस

मर्यादा चालेल. पण तोच दोष आहे हे ठरवणार कोण? आरसीसीबी काल चिरडलेल्या तारेमुळे पडली आणि आज गिझरमुळे, तरी ग्राहकाच्या दृष्टीने दोष एकच असतो.