पन्हाळ्याचा चार दरवाजा पुस्तकात कधी येणार?

गडकरी_गल्ली: सहल पन्हाळ्याला गेली की पोरं तीन दरवाज्यात फोटो काढतात, सज्जाकोठीत शंभूराजांची गोष्ट ऐकतात. चार दरवाज्यापाशी कुणी थांबत नाही. १८४४ ला गडकऱ्यांनी, म्हणजे गड राखणाऱ्या वतनदारांनी, बंड केलं, तेव्हा इंग्रजांनी तो पाडला. इंग्रजांनी कोल्हापुरात नेमलेल्या दाजी कृष्ण पंडित या कारभाऱ्यानं गडकऱ्यांच्या वतनी जमिनींना हात घातला, तसे सामानगड-भुदरगडच्या शिबंदीनं दरवाजे लावून घेतले. साताऱ्याचा इंग्रज रेसिडेंट ओव्हान्स पन्हाळ्यावर कैदेत पडला. १८५७ च्या तेरा वर्षं आधी! आणि आपण अजून इतिहासकार जेम्स मिलची हिंदू-मुस्लिम-ब्रिटिश अशी इतिहासाची वाटणी प्राचीन-मध्ययुगीन-आधुनिक अशी नावं बदलून घोकतोय. त्यानं १८१७ ला ती केली, हिंदुस्थानात पाऊलही न टाकता. वसाहतीचा चष्मा उतरवायचा तर सुरुवात दिल्लीपासून नको, आपल्या गडापासून करा.

शाहूपुरीकर: दादा, गोरा उठवला की त्या जागी कोण बसणार, हे आधी सांगा. वेदोक्त प्रकरणात शाहू महाराजांना वेदांतले मंत्र नाकारून पुराणोक्तच ऐकवणारे पुरोहित लंडनहून आले नव्हते. महाराज फ्रेझर या इंग्रज शिक्षकाच्या हाताखाली शिकले. २६ जुलै १९०२ चा मागासवर्गीयांना नोकरीत ५० टक्के जागांचा हुकूम निघाला तेव्हा ते विलायतेत होते. १९१७ ला सक्तीचं मोफत शिक्षण आणलं, ते आमच्या आज्यापणज्यांसाठी. 'परकीय ते वाईट' म्हणत उद्या हेच पुसलं जाईल.

बाईंची_वही: आठवीला शिकवते. दोघांचंही पटतं, पण पेपरात 'कारणे लिहा' दोन गुणांना. गडकऱ्यांचं बंड सांगत बसले की पालक विचारतात, हे परीक्षेला आहे का?

रंकाळा_कट्टा: लई भारी चाललंय. चालू द्या.

गडकरी_गल्ली: शाहूपुरीकर, दाजी पंडित आपलाच माणूस होता, हे मीच वर लिहिलंय. इंग्रजांचा कारभार देशी हातांनीच चालला, हे गडकऱ्यांच्या बंडाइतकं उघड दुसरीकडं कुठं दिसणार? वेदोक्तही शिकवा, त्याच धड्यात.

शाहूपुरीकर: मग १८५७ चंही शिकवा. २७ व्या पलटणीनं कोल्हापुरात बंड केलं. छत्रपतींचे धाकटे भाऊ चिमासाहेब कराचीला नजरकैदेत गेले, तिथंच वारले. आणि थोरले भाऊ, छत्रपती बाबासाहेब महाराज, इंग्रजांच्याच बाजूनं राहिले. हे छापायची तयारी आहे, या गावात?

गडकरी_गल्ली: आहे. मोर्चा निघाला तर दोघं मिळून सामोरे जाऊ.

शाहूपुरीकर: तुम्ही पुढं व्हा दादा, मी मागून येते.