मनीला परस्पर काही भरवू नका (रहिवासी ग्रुप)

मीनल, अ-४०२ [स. ७:४२]
नमस्कार. काल संध्याकाळी दार उघडं होतं तेवढ्यात कोणीतरी मनीला, आपल्या जिन्यातल्या आजारी मांजरीला, दूध-पोळी भरवली. रात्री तिला उलटी झाली. तिला कावीळ आहे, म्हणून तिच्या मानेतून अन्ननलिकेत नळी घातली आहे. जोराच्या उलटीत नळीचं आतलं टोक उलटून तोंडात येऊ शकतं, आणि तशा नळीतून अन्न ढकललं तर ते श्वासनलिकेत जातं. कृपया कोणीही परस्पर काही देऊ नका. हे तिसऱ्यांदा सांगते आहे.

जोशी काकू, ब-३०४
मीच दिलं गं. इतकुसं. नुसती हाडं राहिली आहेत पोरीची, बघवत नाही. मुक्या जनावराला उपाशी ठेवायचं का?

मीनल, अ-४०२
काकू, ती उपाशी नाहीये. दिवसाचं तिचं पूर्ण अन्न नळीतून जातं.

सावंत काका, ब-२०३
कावीळ म्हणजे कावीळ, माणसाची काय नि मांजराची काय. पथ्य: मांसमच्छी बंद, तेल-तूप बंद, मऊ भात, उसाचा रस, ग्लुकोजचं पाणी. सर्वांनी लक्षात घ्यावे. 🙏

डॉ. नेहा, ब-६०१
काका, आदर ठेवून सांगते, मांजराला हे पथ्य दिलं तर ते दगावेल. माणसाची कावीळ बऱ्याचदा विषाणूने होते. मनीच्या यकृतात चरबी साठली आहे. लठ्ठ मांजर तीन-चार दिवस जेवलं नाही की अंगातली चरबी वितळून यकृताकडे धावते. ती तिथून बाहेर पाठवायला प्रथिनं लागतात आणि उपाशी मांजराकडे नेमकी तीच नसतात. चरबी अडकते, पेशी फुगतात, पित्ताचा रस्ता दाबला जातो, डोळे-हिरड्या-कानाची आतली बाजू पिवळी पडते. मग मळमळीने मांजर आणखी खात नाही. म्हणून यावर मुख्य औषध अन्नच, आणि तेही मांसाचं.

रोहन, क-५०३
म्हणजे मनीला डॉक्टरांनी चिकन लिहून दिलंय. मला कोण लिहून देणार? 😄

फर्नांडिस अंकल, क-२०२
रोहन, आधी पार्किंगचे पैसे भर, मग चिकन.

सावंत काका, ब-२०३
मांसमच्छी बंद, मऊ भात, उसाचा रस, ग्लुकोजचं पाणी. 🙏

डॉ. नेहा, ब-६०१
ग्लुकोज नकोच. या आजारात जादा साखरेचीही यकृतात चरबीच होते. शिवाय साखर एकदम गेली की रक्तातलं पोटॅशियम आणि फॉस्फेट झपाट्याने पेशींत ओढलं जातं. भाताने पोट भरतं पण आर्जिनिन (प्रथिनातला एक घटक) पुरेसं मिळत नाही, आणि आर्जिनिनशिवाय मांजराला अमोनिया निपटता येत नाही. तो मेंदूत चढतो. चरबीसुद्धा तोडायची नसते. यकृतात चरबी साठली म्हणून बिनचरबीचं खाणं द्यावं, हा हिशेब इथे चालत नाही.

पाटील (सचिव), अ-१०१
माहिती चांगली आहे, परंतु ग्रुप सोसायटीच्या कामासाठी आहे. अ विंगच्या रंगकामाचे बिल आले आहे, त्यावर कोणी बोलत नाही.

मीनल, अ-४०२
रंगकामाचाच विषय आहे, पाटील साहेब. परांच्या लागल्या त्याच आठवड्यात जिन्यातल्या मांजरांच्या खाण्याच्या वाट्याही उचलल्या गेल्या. मनी टाकीमागे लपून बसली आणि ती जेवत नाही हे कोणाच्या लक्षात आलं नाही.

पाटील (सचिव), अ-१०१
वाट्या उचलण्याचा निर्णय सर्वसाधारण सभेचा होता. त्या सभेला आपण गैरहजर होता.

कदम, क-३०१
२०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांतला नियम २० वाचावा. आवारातल्या प्राण्यांच्या खाण्याची सोय करणं ही रहिवासी संघाचीच जबाबदारी आहे. सभेने ठराव केला म्हणून नियम जात नाही.

पाटील (सचिव), अ-१०१
नियम मलाही वाचता येतात, कदम साहेब. त्यात जागा ठरवून द्यावी असे आहे. जिना ही जागा नव्हे. गेटमागची जागा मी तेव्हाच सुचवली होती.

जोशी काकू, ब-३०४
भांडू नका रे सकाळी सकाळी. मीनल, नळी काढणार कधी? आणि काही मदत लागली तर सांग.

मीनल, अ-४०२
साधारण चार ते सहा आठवडे धरायचे, काकू. मदत खरंच हवी आहे. सोमवारपासून दुपारी ३ आणि संध्याकाळी ७ च्या वेळेला मी घरी नाही. कोणी येणार असेल तर सगळं नीट लिहिते.

शिंदे सर, अ-३०२
३ ची वेळ माझी. लिहा.

मीनल, अ-४०२
धन्यवाद सर. आजचं वजन ४.६ किलो, म्हणजे दिवसाला साधारण २२० किलोकॅलरी. पहिल्या दिवशी त्याचा चौथा भाग दिला, मग निम्मं, मग पाऊण, आज चौथा दिवस म्हणून पूर्ण. डब्यातलं आजारी प्राण्यांसाठीचं मऊ अन्न आहे. त्यात कोमट पाणी घालून मिक्सरमधून काढायचं आणि बारीक गाळणीतून गाळायचं. गाळणं टाळू नका, एक दाणा राहिला तरी नळी तुंबते. दिवसभराचं साधारण २४५ मिली होतं, पाच वेळांत वाटून एका वेळी ४८ ते ५० मिली. तयार केलेलं २४ तास फ्रिजमध्ये टिकतं, नंतर फेकायचं.

गरम करायला भरलेली सिरिंज गरम पाण्याच्या भांड्यात उभी ठेवा. मायक्रोवेव्ह नको, मध्येच एखादा भाग जळजळीत राहतो. थेंब मनगटावर टाकून बघा, कोमट लागला पाहिजे. गार अन्नाने उलटी होते.

वर्षाताई, क-१०४
नळीवरची खूण सांग की. सगळ्यात आधी तीच बघायची असते.

मीनल, अ-४०२
हो. त्वचेपाशी नळीवर काळ्या पेनाची रेघ आहे. ती सरकलेली दिसली तर काहीही देऊ नका, मला फोन करा. रेघ जागेवर असेल तर आधी ५ मिली कोमट पाणी. खोकली, गिळायला लागली किंवा ओठ चाटायला लागली तर थांबा. मग अन्न, १५ मिनिटं लावून. शेवटी १० मिली पाणी आणि झाकण घट्ट. तिला पोटावर बसवूनच द्यायचं, कुशीवर नाही, आणि नंतर अर्धा तास उचलून घ्यायचं नाही.

वर्षाताई, क-१०४
तुंबली तर जोर लावू नका सर. कोमट पाणी भरून सिरिंज हलकेच मागे-पुढे करायची, दहा-पंधरा मिनिटं तसंच ठेवायचं, पुन्हा करायचं. तार, सुई, टाचणी काही घालायचं नाही, नळी आतून फाटते. बऱ्याचदा तुंबते ती कुटलेल्या गोळ्यांमुळे. गोळी अन्नात कालवू नका, वेगळ्या पाण्यात पूर्ण विरघळवून द्या. आणि यकृतासाठीची ती आवरण असलेली गोळी कुटायचीच नाही. ती अख्खी, रिकाम्या पोटी, तोंडातून. आवरण मोडलं की पोटातल्या आम्लात औषध वाया जातं.

सावंत काका, ब-२०३
एवढं सगळं करण्यापेक्षा आठवडाभर उसाचा रस. मांसमच्छी बंद. 🙏

डॉ. नेहा, ब-६०१
काका, उसाचा रस म्हणजे पुन्हा साखरच. कृपया पुन्हा टाकू नका, नवीन वाचणाऱ्याला ते खरं वाटेल. आणि गावठी काविळीचं औषध, नाकात थेंब वगैरे, अजिबात नको. पॅरासिटामॉलची तर अर्धी गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते.

फर्नांडिस अंकल, क-२०२
सुका बोंबील चालतो का? वासाने तरी खाईल. आणून देतो.

डॉ. नेहा, ब-६०१
सुक्या मासळीत मीठ फार, अंकल, नको. कच्ची मासळीही नको, काही माशांतल्या विकराने थायामिन (ब-१ जीवनसत्त्व) नष्ट होतं. ताजी मासळी बिनमिठाची उकडून, काटे काढून, थोडीशी ताटलीत समोर ठेवायला हरकत नाही. दहा मिनिटांत खाल्ली नाही तर उचलायची. तोंडात कोंबायची नाही. मळमळत असताना कोंबलेल्या पदार्थाची मांजराला शिसारी बसते आणि बरं झाल्यावरही ते तो खात नाही. कांदा-लसणाचा रस्सा, सूपचे क्यूब नकोत, त्याने रक्तपेशी फुटतात. काकू, दूधही नको. बहुतेक मोठ्या मांजरांना ते पचत नाही, जुलाबात पोटॅशियम आणखी जातं.

जोशी काकू, ब-३०४
बरं बाई. मी उकडून देईन मासळी, आमच्याकडे चालत नसली तरी गॅलरीत वेगळी शेगडी लावीन.

रोहन, क-५०३
काकू मासळी उकडणार! स्क्रीनशॉट काढून ठेवा सगळ्यांनी 😄

जोशी काकू, ब-३०४
तुझ्या आईला दाखव तो.

शिंदे सर, अ-३०२
डॉक्टर, ३ च्या वेळी गडबड वाटली तर ओळखायचं कसं?

डॉ. नेहा, ब-६०१
सर, उद्यापर्यंतचा काळ नाजूक आहे. बराच काळ उपाशी राहिल्यावर अन्न सुरू झालं की पहिल्या चार-पाच दिवसांत रक्तातले क्षार घसरू शकतात. मान खाली लोंबते, उचलता येत नाही, हे पोटॅशियमचं. हिरड्या पांढुरक्या आणि लघवी लालसर-काळपट, हे फॉस्फेटचं, त्यात रक्तपेशी फुटतात. तिसरं म्हणजे सारखी लाळ गळणं, भिंतीला डोकं टेकवून उभं राहणं, अडखळणं, झटके. तो अमोनिया. यातलं काहीही दिसलं तर अन्न थांबवून लगेच दवाखाना. मी नसले तर परळच्या बैलघोडा या प्राण्यांच्या हॉस्पिटलला न्या. प्रथिनं कमी करायची वेळ फक्त त्या अमोनियावाल्या अवस्थेत येते, आणि तीही तात्पुरती.

पाटील (सचिव), अ-१०१
लिफ्ट शुक्रवारी ११ ते १ बंद आहे. ११ ची वेळ कोणाची आहे?

मीनल, अ-४०२
माझीच आहे, जिन्याने येईन. विचारलंत, बरं वाटलं.

पाटील (सचिव), अ-१०१
गेटमागे वाट्यांसाठी फरशी टाकून घेतो. खर्च किरकोळ आहे. बाकीच्या तीन मांजरांसाठी. रोज कोण किती खातं हे बघणारा माणूस मात्र ठरवा, नुसत्या वाट्या भरून उपयोग नाही.

कदम, क-३०१
मी बघतो. सकाळी.

वर्षाताई, क-१०४
मीनल, संध्याकाळची ७ ची मी. पट्टी रोज बदलतेस ना? छिद्राभोवती पू, सूज, वास बघायचा, आणि पट्टीखाली दोन बोटं सहज गेली पाहिजेत.

मीनल, अ-४०२
हो ताई, रोज. स्वतःहून खायला लागली तरी नळी लगेच काढणार नाही. आठवडाभर सगळं स्वतः खाऊन वजन टिकलं तरच.

सावंत काका, ब-२०३
भात तरी मऊ चालेल ना?

डॉ. नेहा, ब-६०१
नाही काका. पण रविवारी ३ ला शिंदे सर नाहीत. याल का? पहिल्या वेळी मी शेजारी बसेन.

सावंत काका, ब-२०३
येतो. चष्मा घेऊन येतो, रेघ दिसली पाहिजे.