जुने सचित्र पुस्तक विकत घेण्यापूर्वी काय तपासावे, आणि त्याची नव्याने बांधणी करावी का?

पानवेल यांचा प्रश्न

सर्वांना नमस्कार. गेली सहा वर्षे मी वनस्पतिशास्त्रावरची जुनी सचित्र पुस्तके जमवत आहे. आजवर घेतलेली बहुतेक पुस्तके साधी होती आणि त्यांत चूक झाली असती तरी फारसे बिघडले नसते, परंतु या वेळी प्रश्न मोठ्या रकमेचा आहे, म्हणून जाणत्यांचा सल्ला हवा आहे.

एका विक्रेत्याने मला एक इंग्रजी पुस्तक पंधरा दिवसांसाठी पाहायला दिले आहे. नामपृष्ठावर १८५१ हे वर्ष छापलेले आहे. आत हाताने रंगवलेली चोवीस शिळाछाप चित्रे आहेत. ‘पहिली आवृत्ती, संपूर्ण प्रत, मूळ कापडी बांधणी’ असे विक्रेत्याने लिहून दिले आहे. बांधणीचे कापड गडद हिरवे असून पाठीवरचे कापड वरून दोन बोटे फाटले आहे, पहिला फर्मा, म्हणजे एकत्र घडी घालून शिवलेल्या पानांचा पहिला गठ्ठा, शिवणीतून सुटला आहे आणि बऱ्याच पानांवर तांबूस ठिपके आहेत. नामपृष्ठाच्या खालच्या कोपऱ्यात मात्र एक जागा खरवडल्यासारखी दिसते, आणि उजेडासमोर धरली की तिथला कागद पातळ झालेला कळतो.

माझ्या एका स्नेह्यांचे म्हणणे असे की पुस्तक घ्यावे, पाने रसायनाने धुऊन पांढरी करून घ्यावीत आणि चांगल्या चामड्याची नवी बांधणी करावी, म्हणजे पुस्तक टिकेल आणि त्याची किंमतही वाढेल. मला हा सल्ला मनापासून पटत नाही, पण का पटत नाही हे नीट सांगताही येत नाही. पुस्तक खरोखर पहिल्या आवृत्तीचे आणि संपूर्ण आहे याची खात्री कशी करावी, आणि त्याची दुरुस्ती कुठवर करावी?

बासनातला यांचे उत्तर

मी जुन्या पुस्तकांची खरेदी-विक्री करतो, म्हणून आधी ‘संपूर्ण प्रत’ या शब्दांविषयी लिहितो, कारण आमच्या व्यवहारातले बहुतेक वाद याच दोन शब्दांवरून होतात.

पृष्ठांक सलग आहेत एवढ्यावर समाधान मानू नका. पानांच्या तळाशी ठरावीक अंतराने एकेक इंग्रजी अक्षर छापलेले दिसेल. प्रत्येक फर्मा कोणत्या क्रमाने शिवायचा हे बांधणाऱ्याला कळावे, यासाठी ते अक्षर असे. मजकूर बहुधा ‘बी’पासून सुरू होतो. पुढे जाताना ‘जे’, ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ सापडले नाहीत तर घाबरू नका, कारण छापखाने जुन्या लॅटिन वर्णमालेप्रमाणे तेवीसच अक्षरे वापरत. मात्र याव्यतिरिक्त एखादे अक्षर गाळलेले असेल, किंवा एका फर्म्यात पाने कमी भरत असतील, तर तिथे काहीतरी गेले आहे असे समजावे.

चित्रे बहुधा वेगळी छापून नंतर आत चिकटवलेली असतात, त्यामुळे त्यांना फर्म्याचे अक्षर नसते आणि ती काढून घेणे सर्वांत सोपे असते. चित्रांची छापील यादी असेल तर ती समोर ठेवून एकेक चित्र जुळवा, पण चोवीस आकडा भरला म्हणून थांबू नका. शिळाछापाची शाई तेलकट असते आणि वर्षानुवर्षे समोरच्या पानावर टेकून राहिल्याने त्या पानावर चित्राची फिकट सावली उमटते. मध्ये पातळ कागद घातलेला नसेल तर प्रत्येक चित्राची सावली समोर असायला हवी, आणि ती त्या चित्राशी नेमकी जुळायला हवी. कसरीने पाडलेली छिद्रे आणि पाण्याचे डागही याच नजरेने पाहा. छिद्र पाच पानांतून आरपार गेले आहे आणि मधले सहावेच पान धडधाकट आहे, तर ते पान मागाहून आलेले आहे. दोन अपुऱ्या प्रती मिळवून एक पूर्ण प्रत तयार करण्याची चाल जुनी आहे. टॉमस वाइज हा इंग्लंडमधला अतिशय मान्यवर संग्राहक होता, पण ब्रिटिश म्युझियममधल्या जुन्या नाटकांच्या प्रतींतली पाने गेली आणि ती त्याच्या हातून गेलेल्या प्रतींत सापडली, हे त्याच्या मृत्यूनंतर, १९५०च्या दशकात, उघडकीला आले.

वाइजची दुसरी गोष्ट आवृत्तीच्या प्रश्नाशी संबंधित आहे. विख्यात कवींच्या छोट्या पुस्तिका खोटे, आधीचे वर्ष घालून त्याने छापवल्या आणि पहिल्या आवृत्त्या म्हणून विकल्या. जॉन कार्टर आणि ग्रॅहम पोलार्ड या दोन तरुण पुस्तकविक्रेत्यांनी १९३४ साली त्याचे बिंग फोडले ते कागद तपासून. १८४७ साल छापलेल्या पुस्तिकेच्या कागदात रासायनिक लाकडी लगदा निघाला, आणि तसा कागद इंग्लंडमध्ये १८७४च्या आधी तयारच होत नव्हता. तेव्हापासून एवढे पक्के ठरले की नामपृष्ठावरचे वर्ष हा केवळ दावा आहे, पुरावा नव्हे. तुमच्या पुस्तकाच्या शेवटी प्रकाशकाच्या जाहिरातींची पाने असतील तर त्यांवर वेगळे वर्ष आहे का ते पाहा. ते १८५१च्या पुढचे असेल तर पाने जुनी असली तरी ही प्रत उशिरा बांधली गेली असा त्याचा अर्थ होतो. त्या लेखकाची तपशीलवार ग्रंथसूची मिळाली तर फारच उत्तम, कारण पहिल्या छपाईच्या खुणा तीतच नोंदलेल्या असतात. कधीकधी ती खूण एखाद्या अक्षराएवढी असते. ‘द ग्रेट गॅट्सबी’ या कादंबरीच्या १९२५च्या पहिल्या छपाईत पृष्ठ २०५वर ‘सिक अँड टायर्ड’ऐवजी ‘सिक इन टायर्ड’ छापले गेले, आणि आजही प्रत हातात आली की जाणकार आधी तेच पान उघडतात.

नवी बांधणी करू नका. चामडे कितीही उंची असले तरी मूळ कापड गेले की प्रकाशकाने पुस्तक कोणत्या रूपात बाजारात आणले होते त्याचा पुरावा जातो. जुन्या पितळी दुर्बिणीवरची काळसर झाक घासून काढणाऱ्यांची मला जी हळहळ वाटते तीच इथेही वाटते. खरवडलेल्या जागेबद्दल बोलायचे तर तिथे एखादा शिक्का असावा. त्याने किंमत थोडी कमी होते, एवढेच.

खळ आणि सुई यांचे उत्तर

मी कागद आणि बांधणी यांच्या जतनाचे काम करते. बासनातला यांच्याशी मी सहमत आहे, मात्र ‘नवी बांधणी नको’ याचा अर्थ ‘हात लावू नका’ असा कुणी घेऊ नये. सुटलेला फर्मा तसाच राहिला तर दर वेळी उघडताना त्याच्या कडा बाहेर येऊन झिजतील आणि शेवटी पान जाईल. तो मूळ छिद्रांतूनच पुन्हा शिवता येतो. फाटलेल्या पाठीच्या कापडाखाली जपानी कागदाची पट्टी घालून ते बसवता येते, आणि त्यासाठी गव्हाच्या सत्त्वाची खळ वापरावी. खळ पाण्याने पुन्हा सुटते, म्हणून उद्या आमच्यापेक्षा शहाण्या माणसाला आमचे काम उलगडून अधिक चांगले काम करता येते. बाजारातला पांढरा गोंद वाळल्यावर असा सुटत नाही, आणि चिकटपट्टीबद्दल तर काय सांगावे! तिचा प्लॅस्टिकचा पापुद्रा काही वर्षांत आपोआप गळून पडतो, पण पिवळा चिकट द्रव कागदाच्या तंतूंत उतरून कायमचा राहतो. माझ्या कामाचे कित्येक तास केवळ कुणीतरी प्रेमाने लावलेल्या पट्ट्या काढण्यात गेले आहेत.

तांबूस ठिपक्यांमागे कागदातले लोहाचे कण किंवा बुरशी, अथवा दोन्ही असतात, आणि दमटपणा त्यांना वाढवतो. रसायनाने पाने पांढरी होतात खरी, परंतु तंतू कमजोर होतात, शिवाय हाताने भरलेले रंग पाण्याबरोबर वाहू शकतात. या पुस्तकाचे मोल ज्या चित्रांमुळे आहे तीच पणाला लावू नयेत. ठिपके राहू द्यावेत. हवेतली आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या आसपास स्थिर राहिली तर ते सहसा वाढत नाहीत. पासष्ट टक्क्यांच्या वर ती फार काळ राहिली की बुरशीला वाव मिळतो. ओलावा आज कमी आणि उद्या जास्त हे सतत थोड्या जास्त ओलाव्यापेक्षाही वाईट, कारण कागद, कापड आणि पुठ्ठा वेगवेगळ्या प्रमाणात फुगतात आणि सांधे तुटतात.

एक सूचना तातडीची आहे. कापड झगझगीत, पाचूसारखे हिरवे असेल तर कृपया काळजी घ्या. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर बांधणीच्या काही कापडांत आर्सेनिक असलेला हिरवा रंग वापरला जात असे. २०१९ साली अमेरिकेतल्या विंटरथर संग्रहालयातल्या अभ्यासकांना असा रंग एका बांधणीत आढळला आणि तेव्हापासून अशा पुस्तकांची नोंद ठेवली जात आहे. आपण ‘गडद हिरवे’ म्हटले आहे, म्हणजे कदाचित तो रंग नसेलही, पण तपासणी होईपर्यंत ही बांधणी हाताळताना रबरी हातमोजे घाला, नंतर हात धुवा आणि पुस्तक लहान मुलांपासून दूर ठेवा. एरवी जुन्या कागदासाठी पांढरे सुती हातमोजे वापरावेत असे मी सांगत नाही. त्यांनी बोटांचा अंदाज जातो आणि पाने फाटतात. स्वच्छ, कोरडे हातच बरे.

नोंदवही यांचे उत्तर

मी अनेक वर्षे ग्रंथालयाच्या दाखलनोंदी, म्हणजे आलेल्या पुस्तकांच्या नोंदी, सांभाळल्या आहेत, आणि बासनातला यांच्या शेवटच्या वाक्याला माझी हरकत आहे. खरवडलेला शिक्का हा ‘किंमत थोडी कमी’ असा विषय नाही. शिक्का असणे आणि शिक्का पुसलेला असणे यांत फार अंतर आहे. ग्रंथालये जादा प्रती रीतसर विकतात, आणि तेव्हा मूळ शिक्क्याशेजारी पुस्तक नोंदीतून काढल्याची खूणही करतात. पण मालकाची ओळखच कुणी नाहीशी केली असेल तर ती का केली, हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नयेत. नेपल्समधल्या गिरोलामिनी या जुन्या ग्रंथालयातून मोठ्या प्रमाणावर पुस्तके गेल्याचे २०१२ साली उघड झाले, आणि ती नेण्यात खुद्द ग्रंथालयाच्या संचालकाचाच हात होता. त्याला पुढे शिक्षा झाली, पण पुस्तके मधल्या काळात किती हातांतून फिरली असतील याचा विचार करा. त्यांतल्या प्रत्येकाने हाच प्रश्न विचारायला हवा होता.

आपण असे करावे: अंधाऱ्या खोलीत अतिनील प्रकाशाच्या विजेरीने ती जागा पाहावी. वरची शाई गेली तरी कागदात मुरलेला अंश पुष्कळदा दिसतो. शेवटचे पान आणि मागचे अस्तरही पाहा, कारण ग्रंथालये एकाहून अधिक ठिकाणी शिक्के मारतात आणि खरवडणारा एखादा विसरतो. नाव लागले तर त्या संस्थेला थेट लिहा. विक्रेत्याकडून प्रत त्यांच्याकडे कुठून आली हे लेखी मागा. खरा विक्रेता यावर रागावत नाही.

बासनातला

नोंदवही यांचे म्हणणे मला मान्य आहे. मी ते वाक्य घाईत लिहिले. शिक्क्याची तपासणी आधी व्हावी, आवृत्ती आणि चित्रे त्यानंतर.

पानवेल

आपण सर्वांनी दिलेल्या वेळाबद्दल मनापासून आभार. विक्रेत्यांना सांगून मुदत वाढवून घेतली आणि सर्व तपासण्या केल्या, त्या सांगतो.

अतिनील प्रकाशात नामपृष्ठाच्या कोपऱ्यात लंबगोल शिक्का स्पष्ट दिसला आणि संस्थेचे नाव जवळजवळ पूर्ण वाचता आले. त्यांना छायाचित्रासह पत्र लिहिले. दहाव्या दिवशी उत्तर आले की त्यांच्याकडे या पुस्तकाच्या दोन प्रती होत्या आणि त्यांपैकी एक जादा म्हणून विकली गेली. दाखलनोंदीच्या त्या पानाची प्रतही त्यांनी पाठवली. म्हणजे विक्री रीतसर होती. शिक्का आणि त्याबरोबर विक्रीची खूणही, प्रत स्वच्छ दिसावी म्हणून नंतर कुणीतरी खरवडली असणार. जी खूण या पुस्तकाची सचोटी सिद्ध करत होती तीच काढून टाकल्याने ते संशयास्पद झाले, याचे मला फार वाईट वाटले.

फर्मे सगळे भरले. चित्रे चोवीसच आहेत, परंतु सतराव्या चित्रापाशी मी बराच वेळ थांबलो. ते नेच्याचे चित्र आहे. समोरच्या पानावर त्याच नेच्याची तपकिरी सावली आहे, पण ती चित्राच्या बोटभर खाली आणि किंचित तिरकी आहे. सोळाव्या चित्रातून आलेले मोहरीएवढे छिद्र सतराव्यात नाही आणि पुढच्या पानात पुन्हा आहे. मूळ चित्र कुणीतरी काढून नेले आणि दुसऱ्या प्रतीतले त्याच्या जागी लावले, याबद्दल आता शंका उरलेली नाही. विक्रेत्यांना हे दाखवले तेव्हा त्यांनी स्वतः भिंग घेऊन पाहिले, ‘संपूर्ण प्रत’ हे शब्द खोडले आणि सतराव्या चित्राची नोंद घालून वर्णन नव्याने लिहून दिले. त्याप्रमाणे किंमतही बदलली आणि मी पुस्तक घेतले. कापड सध्या प्लॅस्टिकच्या वेष्टणात ठेवले असून तपासणीला देणार आहे. त्यानंतर फक्त सुटलेला फर्मा आणि पाठ यांची दुरुस्ती होईल.

एकच शंका राहिली. सतरावे चित्र सावलीशी जुळेल असे पुन्हा लावून घ्यावे का?

खळ आणि सुई

लावू नका. आज ते जिथे आहे तिथेच राहू द्या, नाहीतर आपल्याला जे कळले ते पुढच्या माणसाला कधीच कळणार नाही. आम्लरहित कागदाच्या सुट्या तुकड्यावर पेन्सिलीने हे सगळे लिहा, ग्रंथालयाच्या पत्राची प्रत त्याला जोडा आणि दोन्ही पुस्तकाच्या आत न घालता त्याच्या पेटीत ठेवा.